सालीवरील दप्तर

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात असा विद्यार्थी विरळाच, की ज्याने कधी आंब्याच्या बुंध्याला पाठ टेकली नाही. उठताना सदऱ्याला करडी-हिरवट भुकटी लागते, ती झटकून तो खेळावयास पळतो, आणि विषय तेथेच संपतो. ती भुकटी कसली, असे घरी विचारले तर एक म्हणतो शेवाळ, दुसरा म्हणतो बुरशी आणि तिसरा म्हणतो झाडाला लागलेला रोग. गंमत अशी की, पहिल्या दोघांचे म्हणणे अर्धे अर्धे खरे आहे आणि तिसऱ्याचे सर्वस्वी चूक. त्या भुकटीविषयी चार शब्द लिहावे असे आम्ही ह्या अंकासाठी योजिले आहे. परंतु केवळ माहिती देणे हा आमचा हेतू नव्हे. आपल्या आवारांतील व डोंगरांतील झाडांच्या साली जे अंगावर वागवीत आहेत, त्याची नोंद ठेवणे हे आपल्यासारख्या शाळांचे काम आहे, आणि ते काम आम्ही आजवर केलेले नाही, हे आम्हांस सांगावयाचे आहे.

शास्त्रीय मराठीत ह्या जीवास शैवाक म्हणतात. इंग्रजी नाव लायकेन, आणि आपल्या बायामाणसांच्या तोंडचे नाव दगडफूल. गोड्या मसाल्यात व मालवणी मसाल्यात पडणारे दगडफूल हे ह्याच कुळातले. शैवाक ही एकटी वनस्पती नव्हे. ती एक भागीदारी आहे. बुरशी घर बांधते व ओलावा धरून ठेवते. त्या घरात राहणारे सूक्ष्म शैवल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. आणि असा दोघांचा संसार चालतो. सायमन श्वेंडेनर ह्या स्विस शास्त्रज्ञाने १८६७ साली हे मत मांडले, तेव्हा शैवाकांचे त्या काळचे नामांकित पंडित त्याच्यावर तुटून पडले. दोन परके जीव मिळून एक देह होतो, ही कल्पनाच त्यांस सोसवेना. पुढे श्वेंडेनरचेच खरे ठरले. इतकेच नव्हे, तर २०१६ साली काही शैवाकांच्या बाहेरच्या थरात यीस्ट प्रकारची आणखी एक बुरशी नांदत असल्याचे दिसून आले. जगात शैवाकांच्या सुमारे २०,००० जाती मानतात, आणि त्यांच्याविषयीचे ज्ञान अद्याप असे वाढत आहे.

झाडावरील शैवाकांचे ढोबळ मानाने तीन प्रकार ओळखावे. एक, सालीशी असा चिकटलेला की नखाने सुटत नाही. दुसरा, पानासारखा पसरलेला, ज्याची कड उचलता येते. आणि तिसरा, झुडपासारखा किंवा दाढीसारखा लोंबणारा. पहिल्या प्रकारात ग्राफिस नावाचे एक घराणे आहे. गुळगुळीत सालीवर पांढुरका थर असतो व त्यावर बारीक, काळ्या, वळणदार रेघा उमटलेल्या असतात. पाहणाऱ्यास वाटावे की कोणी घाईघाईने मोडी लिहून गेला आहे. ग्राफिस ह्या नावाचे मूळही ‘लिहिणे’ ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. उन्हाळ्यात हे सर्व शैवाक कोरडे ठणठणीत होऊन निजतात; मृगाची पहिली सर पडली की काही क्षणांत करड्याचे हिरवे होतात, कारण भिजल्याने वरचा थर पारदर्शक होऊन आतील शैवल दिसू लागते. शंभर इंचांहून अधिक पाऊस पडणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हा चमत्कार दर वर्षी प्रत्येक गडग्यावर व प्रत्येक कलमावर घडतो.

येथे बागायतदार मंडळींची एक शंका दूर केली पाहिजे. बांडगूळ आणि शैवाक ह्यांत फार मोठा भेद आहे. बांडगूळ आपले मूळ फांदीच्या आत घालून झाडाचा रस ओढते. त्याने कलमाची खरोखर हानी होते, आणि ते वेळीच छाटावे हे योग्य. शैवाकाला मूळच नाही. तो सालीवर केवळ बसतो. पाणी घेतो ते पावसाचे, धुक्याचे आणि दवाचे. म्हाताऱ्या, रोडावलेल्या झाडावर तो अधिक दिसतो, कारण तेथे पाने विरळ होऊन उजेड अधिक येतो आणि साल फार काळ एका जागी स्थिर राहिलेली असते. झाड खंगले म्हणून शैवाक दिसतो. शैवाक आला म्हणून झाड खंगत नाही. कार्य आणि कारण ह्यांची अदलाबदल केल्याने किती निरपराधांना शिक्षा होते, ह्याचे हे एक लहानसे उदाहरण आहे.

आता आमच्या एका चुकीची हकीकत सांगितली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्ष महिन्यात आम्ही काही विद्यार्थ्यांस घेऊन रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावरील आंबा घाटाकडे गेलो होतो. वर एका परिचितांचे खाजगी रान आहे. अंजनी, जांभूळ, पिसा अशा झाडांची तेथे दाटी आहे. मुलांच्या उत्साहाला सीमा राहिली नाही. कोणी खाली पडलेल्या फांद्या वेचल्या, कोणी चाकूने साली खरवडल्या, आणि संध्याकाळपर्यंत प्लास्टिकची एक मोठी पिशवी गच्च भरली. आम्हीही मोठ्या अभिमानाने ती पिशवी शाळेत आणून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली. आठ दिवसांनी उघडून पाहतो तो आत दमट वास आणि पांढरी बुरशी! जे थोडे बरे राहिले होते ते मेजावर मांडले, तेव्हा आठवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, ह्यांतले जांभळीवरचे कोणते आणि अंजनीवरचे कोणते?” आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. कोणालाही सांगता येईना. कोणत्या बाजूचे, किती उंचीवरचे, उन्हातले की सावलीतले, ह्यांपैकी एकाही प्रश्नाला उत्तर नव्हते. डोंगरात ज्याला अर्थ होता, त्याचा शाळेत येईपर्यंत केरकचरा झाला होता, आणि तो आम्हीच केला होता. ती पिशवी शेवटी खताच्या खड्ड्यात गेली.

त्या दिवशी आम्हांस जे उमगले ते असे : गोळा करणे आणि नोंदवणे ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि नोंदीवाचून केलेला संग्रह ही एक प्रकारची नासधूसच होय. मसाल्याचा व्यापारी पोत्यांनी दगडफूल भरतो, त्याला वजनाशी काम. आम्ही शास्त्राचे नाव घेऊन पिशवी भरली आणि त्याच्याइतकाही उपयोग केला नाही. त्याचे दगडफूल निदान कोणाच्या तरी आमटीला चव आणते!

मग खरी रीत कोणती? ती फारशी कठीण नाही. हातात दहापट मोठे दाखविणारे भिंग असावे, खिशात पेन्सिल आणि वही असावी. झाडापाशी गेल्यावर प्रथम हात न लावता पाहावे. वहीत तारीख, गाव व जागा, समुद्रसपाटीपासूनची उंची, झाडाचे नाव, सालीचा गुळगुळीतपणा वा खडबडीतपणा, बुंध्याची दिशा, जमिनीपासूनची उंची, ऊन की सावली, आणि शैवाकाचा कोरडा असतानाचा रंग लिहावा. मग थोडे पाणी शिंपडून ओला रंग लिहावा. जवळ मोजपट्टी धरून छायाचित्र घ्यावे. हल्ली प्रत्येक घरी भ्रमणध्वनी असल्याने हे काम सोपे झाले आहे. नमुना घ्यावयाचाच तर तो प्रथम खाली पडलेल्या काटकीवरून घ्यावा. उंच शेंड्यावर काय वसते हे कळण्याचा तोच सोपा मार्ग आहे. नमुना कागदाच्या पुडीत ठेवावा, प्लास्टिकमध्ये कदापि नाही. पुडीवर वहीतला क्रमांक घालावा, सावलीत वाळवावी, आणि कोरड्या पेटीत ठेवावी. इतके केले की ती पुडी शंभर वर्षे टिकते. ही अतिशयोक्ती नव्हे. शैवाकशास्त्राचा जनक म्हणून ज्याचा गौरव होतो तो स्वीडनचा एरिक अकारियुस १८१९ साली निवर्तला; त्याचे नमुने आजही हेलसिंकी येथे जतन केलेले आहेत आणि अभ्यासक ते पाहावयास जातात.

ह्या कामात आपला प्रांत परका नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर ह्यांचा जन्म १८८४ साली मालवण येथे झाला. त्या काळी मालवण आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच होते, सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाला तो १९८१ साली. सह्याद्रीतील नद्यांच्या गोड्या पाण्यात जेलिफिश राहते, ही विसाव्या शतकाच्या आरंभी नवलाची वाटलेली गोष्ट उजेडात आणण्यात ह्या गृहस्थांचा हात होता. पुढे कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नाव मिळवून त्यांनी १९४६ साली पुण्यास महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था उभी केली. १९९२ पासून तिला त्यांचेच नाव आहे. ह्याच संस्थेतील अजरेकर संग्रहात शैवाकांच्या पुड्या जपलेल्या आहेत, आणि पटवर्धन, मखिजा आदी संशोधकांनी सह्याद्रीच्या झाडांवरून आणलेल्या नमुन्यांवरून जगाला ठाऊक नसलेल्या कित्येक जातींची वर्णने प्रथम प्रसिद्ध केली. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील फादर सांतापाव ह्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९५३ साली निघाला, तो वर्षानुवर्षे एकाच डोंगरात हिंडून केलेल्या नोंदींच्या बळावर. ह्या साऱ्यांच्या हाती आरंभी काय होते? डोळा, वही आणि चिकाटी. ह्यांपैकी कोणती वस्तू आपल्या शाळेत मिळत नाही?

कोणी म्हणेल, ही हौस झाली. ह्यात लोकांच्या उपयोगाचे काय? त्यांस आम्ही प्रथम प्रयोगशाळेतील लिटमसच्या कागदाची आठवण देतो. आम्लात तांबडा व अल्कलीत निळा होणारा तो रंग मूळचा शैवाकांपासूनच काढलेला आहे. परंतु खरा उपयोग ह्याहून मोठा आहे. शैवाकाला मूळ नाही, तसे पानावर असते तसले मेणचट कवचही नाही. हवेत जे असेल ते तो सर्वांगाने शोषून घेतो. कोळशाच्या धुरातील गंधकाचा वायू पुष्कळ जातींना मुळीच सोसत नाही. १८६६ साली विल्यम नायलँडर ह्याने पॅरिस शहरातील शैवाकांची नोंद केली, तेव्हा लक्झेंबर्ग बागेत जे आढळते ते शहराच्या इतर भागांत आढळत नाही असे त्याच्या ध्यानात आले, आणि शैवाक हे हवेच्या शुद्धतेचे माप आहे असे त्याने सांगितले. विशेष म्हणजे हाच नायलँडर श्वेंडेनरचा कडवा विरोधक. एका गोष्टीत चुकलेला मनुष्य दुसऱ्या गोष्टीत किती बरोबर असू शकतो पाहा! पुढे १९७० नंतरच्या वर्षांत ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांनी आपापल्या गावच्या झाडांवरील व भिंतींवरील शैवाक पाहून हवेच्या शुद्धाशुद्धतेचा नकाशा तयार करण्यास हातभार लावला, आणि तो अभ्यास १९७४ साली शास्त्रीय नियतकालिकात छापला गेला. ती मुले आपल्याच वयाची होती.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. लोटे-परशुरामला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. जयगडला कोळशावर चालणारे वीजकेंद्र आहे. त्यांच्यावर कोणताही आरोप करण्याचा आमचा उद्देश नाही. आरोप करण्यास पुरावा लागतो. पण नेमके हेच आमचे म्हणणे आहे. दहा वर्षांनी कोणी विचारले की आपल्या झाडांवरचे शैवाक कमी झाले की वाढले, तर उत्तर देण्यास आज काय होते ह्याची नोंद हवी. ती नसेल तर तक्रार करणाराही हवेत बोलेल आणि तक्रार नाकारणाराही हवेतच बोलेल. तसेच मुंबई-गोवा महामार्ग रुंद करताना रस्त्याकाठची हजारो जुनी झाडे गेली. रस्ता नको असे आम्ही म्हणत नाही. मुंबईहून गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांचे हाल आम्ही पाहिले आहेत. पण तोडीच्या हिशेबात झाडांची संख्या धरतात, त्यांचा घेर धरतात. त्यांच्या सालीवर काय वसले होते ह्याला त्या कागदात रकाना नसतो. एखाद्या कचेरीला आग लागून जुने दप्तर जळाले तर आपण हळहळतो. पुरुषभर घेराचा वड पडतो तेव्हाही एक दप्तर जाते. फरक इतकाच की ते कोणी वाचलेले नसते, म्हणून कोणी हळहळत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. शैवाक अति सावकाश वाढतो. सालीशी चिकटलेल्या कित्येक जाती वर्षाकाठी मिलिमीटर, दोन मिलिमीटर एवढ्याच पसरतात. तळहाताएवढा ठिपका पाहिला तर तो बहुधा आपल्या वयापेक्षा जुना आहे असे समजून त्यास मान द्यावा. एका वर्गातील पन्नास मुलांनी प्रकल्पासाठी म्हणून एकेक तुकडा खरवडला, तर एका दुपारी अर्ध्या शतकाची वाढ नाहीशी होईल. म्हणून आमचा नियम असा : घ्यावे नखभर, लिहावे पानभर. चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान व कोयनेचे अभयारण्य मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आहे. अशा राखीव वनात परवानगीवाचून काडीही उचलू नये, १९७२ चा वन्यजीव कायदा तेथे लागू आहे. गावच्या देवरहाटीत तर कायद्याच्याही आधी गावाची मर्यादा आहे. गावकऱ्यांस विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नये, आणि तेथून काही आणू नये. पाहून, रेखाटून, लिहून परत यावे. ह्या रहाट्या पिढ्यान्पिढ्या राखल्या म्हणूनच त्यांतील जुन्या साली आज पाहावयास मिळतात.

आणखी एक आक्षेप आम्ही विद्यार्थ्यांच्याच तोंडून ऐकला आहे. “नाव कळत नाही, तर लिहायचे काय?” आक्षेप प्रामाणिक आहे. शैवाकाची जात निश्चित करणे हे तज्ज्ञाचे काम आहे. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहावे लागतात आणि रासायनिक परीक्षा करावी लागते. कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकला की एखादा पिवळा होतो, एखादा लाल होतो. एवढी परीक्षा शिक्षकांच्या देखरेखीखाली शाळेतही होऊ शकेल, पण पुढचे काम पुण्याच्या किंवा लखनौच्या संस्थांचे. तथापि नाव हे उद्याही देता येते. जागा, झाड आणि तारीख ही मात्र आजच लिहावी लागतात. नाव नसलेली पण नीट नोंदलेली पुडी तज्ज्ञापुढे ठेवली तर तो तिला नाव देऊ शकतो. झाडाचे नाव, गाव आणि तारीख हरवलेली पुडी त्याच्यापुढे ठेवली, तर जगातला सर्वांत मोठा पंडितही ती परत आणून देऊ शकत नाही. शाळेकडे जे आहे ते हेच : आम्ही येथे राहतो. पुण्याहून येणारा संशोधक वर्षातून दोन दिवस येईल; आम्ही तेच झाड आषाढात पाहू, मार्गशीर्षात पाहू आणि चैत्रात पाहू.

परीक्षेत ह्याला किती गुण, असे पालक विचारतील. एकही नाही, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. परंतु जे पाहिले तेवढेच लिहावे, जे पाहिले नाही ते लिहू नये, आणि लिहिलेले दुसऱ्याला वाचता यावे, ह्या तीन गोष्टी ज्याला साधल्या त्याचे कोणत्याही परीक्षेत अडेल असे आम्हांस वाटत नाही.

ह्यास्तव आमची सूचना अशी आहे. शाळेच्या आवारातील दहा झाडे निवडावी व त्यांस क्रमांक द्यावे. प्रत्येक झाडावर छातीच्या उंचीस एक वीतभर चौकोन ठरवावा, त्यावर पारदर्शक कागद धरून आतील शैवाकांची कड शाईने गिरवून घ्यावी, आणि कागदावर तारीख घालावी. पुढील वर्षी त्याच दिवशी दुसरा कागद गिरवावा व पहिल्यावर ठेवून पाहावा. जे विद्यार्थी सुट्टीत घाटाखालच्या आपल्या गावी जातात, त्यांनी तेथील एक झाड आपले मानावे व त्याची नोंद आणावी. सर्व नोंदी एका जाड बांधणीच्या वहीत उतरवून ती वही ग्रंथालयात ठेवावी, आणि तिचा सारांश दर वर्षी ह्या वार्षिकात छापावा. आज आठवीत असलेली मुले जेव्हा आपल्या मुलांस ह्याच शाळेत घालावयास येतील, तेव्हा ती वही त्यांच्या हाती देता यावी, एवढीच आमची आकांक्षा आहे.

वही आणली आहे आणि पहिली नोंद आम्हीच केली आहे. क्रमांक १, विहिरीजवळचा आंबा, साल खडबडीत, उत्तरेची बाजू, जमिनीपासून चार फूट, सावली, रंग कोरडा करडा, ओला हिरवा, पानासारखा, कड उचललेली. नावाचा रकाना कोरा आहे. तो कोरा ठेवताना आम्हांस लाज वाटली नाही. ज्या मुलीने दोन वर्षांपूर्वी आम्हांस निरुत्तर केले, तिने आता दहावीतून ती नोंद वाचली आणि झाडाचा रकाना भरलेला आहे ना, एवढे पाहून दुसरी नोंद करण्यासाठी पेन्सिल मागून घेतली.